'धनदौलत'मधली दौलत कुणाची?

मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात श्रुतलेखन घेतले. एका मुलाने 'धन दौलत' असे दोन तुकडे करून लिहिले. मी लाल रेघ ओढली. तो उठून म्हणाला, "सर, धन मराठीचा शब्द, दौलत आपल्या उर्दूचा. मग दोघांना चिकटवून कसं लिहायचं?" वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही.

आपले परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होते. फारसी-अरबी शब्द दरबारातून आले, सत्तेने लादले, असे सांगितले जाते. कचेरीतल्या शब्दांबद्दल ते बरेचसे खरे आहे. पण 'लाजशरम' कुठल्या कचेरीतून आला? 'बाजारहाट' कोणत्या फर्मानाने रूढ झाला? या जोड्या नीट ऐका. लाज म्हणजेच शरम, बाजार म्हणजेच हाट, कागद म्हणजेच पत्र. जणू दोन शेजारी एकच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगत आहेत आणि तिसऱ्याने ती एका दमात उच्चारली आहे. पहिला मान कुणाचा, तेही ठरलेले नाही. 'लाजशरम'मध्ये लाज पुढे, 'बाजारहाट'मध्ये बाजार पुढे.

व्याकरणही कुळ विचारत नाही. 'तीळ' आणि 'गूळ' जोडले की पहिला ऱ्हस्व होतो: तिळगूळ. 'फूल'ला फारसी 'दान' जोडले तरी तेच घडते: फुलदाणी. 'गैर' अरबी, 'समज' मराठी. पण 'गैरसमज' उच्चारताना मध्ये कुणी थांबत नाही. 'भांडखोर', 'चवदार', 'शेतजमीन' यांतला सांधा तर शोधूनही सापडत नाही.

शुद्धतेचा आग्रह दोन्हीकडे आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. इकडे उर्दूच्या जुन्या उस्तादांचाही दंडक आहे: मध्ये 'ओ' घालून शब्द जोडायचे, तर दोन्ही शब्द फारसी-अरबीच हवेत. दोघांचाही अभ्यास मोठा. पण 'धनदौलत' घडवणाऱ्या माणसांनी दोघांचीही परवानगी घेतली नाही.

शब्द जोडून लिहिणे ही किरकोळ बाब नाही. नॉर्वेजियन भाषेत 'धूम्रपानमुक्त' या अर्थाचा जोडशब्द तोडून लिहिला, की 'खुशाल ओढा' असा अर्थ होतो. मराठीत अर्थ एवढा उलटत नाही. पण मुलाच्या मनात मात्र घराची वाटणी होते.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना विनंती आहे. समास शिकवताना 'मीठभाकर'सोबत 'धनदौलत', 'लाजशरम'ही फळ्यावर लिहा. आणि उर्दू शाळांतल्या पालकांनो, मराठी परक्यांची म्हणून मुलाला पास होण्यापुरती शिकवू नका. तिच्यात आपलेही शब्द आहेत, आणि ते पाहुणे नाहीत.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बेटा, दोन्ही तुझेच आहेत. जोडून लिही."