तांदूळ आमच्या घरचा

अंधारी खोली, जमिनीवर अंथरलेला कागद आणि कागदावर चिमूटभर तांदूळ. तांब्याचे एक जुने, काळवंडलेले भांडे कुणीतरी सावकाश पुढे सरकवतो आणि दाणे हलू लागतात. एक दाणा सरपटत जातो, दुसरा उडी घेऊन भांड्याच्या बुडाला चिकटतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. नेमक्या त्याच क्षणी शेजारी बसलेला माणूस आवाज खाली आणून बोलू लागतो. या भांड्यावर वीज पडली आहे, म्हणतो. त्यामुळे त्यात ‘इरिडियम’ उतरले आहे. उपग्रहाला लागते, अणुऊर्जेला लागते, अमेरिकेची ‘नासा’ हजारो कोटींना घ्यायला तयार आहे. मात्र आधी शास्त्रज्ञांचे पथक येऊन चाचणी करणार. त्यांचे पोशाख, त्यांचे रसायन, त्यांची फी एवढा खर्च तेवढा करा. आणि एक लक्षात ठेवा, कुणाजवळ बोलू नका. देशाच्या सुरक्षेचा मामला आहे.

या धंद्यात त्या भांड्याला ‘राईस पुलर’ म्हणतात आणि त्यात मुरलेले लोक नुसते ‘आरपी’ म्हणतात. महाराष्ट्रात या नावाने झालेल्या फसवणुकीचे गुन्हे पोलिसांच्या दप्तरी कित्येक वर्षांपासून नोंदले जात आहेत. मे 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच प्रकरणात एका बाप-लेकाला अटक केली. ‘नासा’ हे भांडे 37,500 कोटी रुपयांना घेणार आहे, असे सांगून त्यांनी एका व्यापाऱ्याचे 1.43 कोटी रुपये उकळले, असे पोलिसांचे म्हणणे होते. चाचणीसाठी शास्त्रज्ञ म्हणून उभ्या केलेल्या माणसांच्या अंगावर किरणोत्सारापासून बचाव करणारे म्हणून चंदेरी पोशाख चढवले होते. त्या पोशाखांची छायाचित्रे तेव्हा सगळीकडे छापून आली. तरीही हा धंदा थांबलेला नाही, म्हणून हा विषय आज या जागी मांडावा लागत आहे. नंदुरबार जिल्ह्यात जुनी तांब्या-पितळेची भांडी घरोघरी आहेत, पावसाळ्याच्या तोंडाला सातपुड्यात विजाही पडतात. असे पथक उद्या धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर पोहोचले, तर त्याला काय विचारायचे हे त्या पाड्याला आजच ठाऊक असले पाहिजे.

भांडे आणि तांदूळ आधी उजेडात आणू. इरिडियम हा काही गूढ पदार्थ नाही. 1803 मध्ये स्मिथसन टेनंट या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तो शोधला. मूलद्रव्यांच्या तक्त्यात त्याचा क्रमांक 77 आहे, आणि त्याचा एक घन सेंटिमीटरचा तुकडा साडेबावीस ग्रॅम भरतो. गाडीच्या महागड्या स्पार्क प्लगच्या टोकाला तो असतो. जगाच्या बाजारात त्याचे भाव सोन्या-प्लॅटिनमसारखे उघड जाहीर होतात, ज्याला हवा तो रीतसर विकत घेतो. त्यासाठी कुणाच्या देवघरातला हंडा धुंडाळत फिरावे लागत नाही. इरिडियम चुंबकासारखे ओढत नाही. तांबेही ओढत नाही, आणि तांदूळ तर चुंबकाने ओढला जात नाही. वीज तांबे वितळवू शकते, पण मूलद्रव्यांच्या तक्त्यात 29 व्या जागी बसलेल्या तांब्याला 77 व्या जागेवर नेऊन बसवणे विजेच्या लोळालाही जमत नाही.

मग दाणे हलतात ते कसे? तांदूळ उकडून मऊ करायचा, त्यात लोखंडाचे बारीक तुकडे खुपसायचे, वाळवायचा. भांड्याला चुंबकाचा लेप द्यायचा किंवा बुडात चुंबक दडवायचा. झाले. याच मंडळींच्या पोतडीत ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818’ असे कोरलेली रामदरबाराची नाणीही निघतात. खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला तो 1818 मध्येच, त्यामुळे आपल्याकडे तो आकडा पटकन खरा वाटतो. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत.

हा सगळा डाव उधळायला प्रयोगशाळा लागत नाही. एकच वाक्य पुरते: भांडे तुमचे, तांदूळ आमच्या घरचा. नवापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या कणगीतला मूठभर तांदूळ त्या भांड्यासमोर टाका. आणि त्यांच्या कागदावरचा एक दाणा उचलून दाताखाली धरा किंवा दगडाने फोडा. चाचणी म्हणतात ती हीच. दावा करणाऱ्याच्या हातातली निदान एक वस्तू काढून घ्यायची आणि त्या जागी आपली ठेवायची. ज्याचा दावा खरा आहे त्याला याने काहीच फरक पडत नाही. ज्याचा खोटा आहे, तो याच घडीला ‘मुहूर्त टळला’ म्हणतो, ‘तुमच्या तांदळाला रसायन लागलेले नाही’ म्हणतो, नाहीतर चिडून उठतो.

आपल्या जिल्ह्याला ही रीत शिकवायची गरज नाही, ती इथल्या बाजारात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची येते तेव्हा व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, खालची मिरची वर काढतो, मोडतो, बी बघतो, ओल जोखतो, आणि मग बोली लावतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा होतो, तेव्हा गिऱ्हाईक घोड्याचे तोंड उघडून दात मोजते, पायाचे खूर उचलून बघते, चालवते, पळवते. ‘घोडा गोपनीय आहे, पैसे भरल्यावर दाखवू’ असे कुणी म्हटले तर त्याच्या राहुटीसमोर माणूस थांबणार नाही. मग विज्ञानाचे नाव घेऊन कुणी आला, की हीच चिकित्सा आपण खुंटीला का टांगून ठेवतो?

कारण विज्ञान आपल्याला समजणार नाही, असे आपल्याला शाळेपासून वाटत आले आहे. अंगावर पांढरा कोट, हातात यंत्र आणि तोंडी इंग्रजी शब्द आले की प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे, असे वाटते. या भीतीवरच हा धंदा उभा आहे. आणि ती भीती फक्त पाड्यांवर नाही. आदिवासी भोळा म्हणून फसतो, हे शहरातले लाडके मत आम्हाला मान्य नाही. दिल्लीच्या प्रकरणातला फसलेला माणूस व्यापारी होता. अमेरिकेत ‘थेरानोस’ नावाच्या कंपनीने बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबातून ढीगभर तपासण्या करतो असे सांगितले, यंत्र मात्र व्यवसायाचे गुपित म्हणून कुणाला तपासू दिले नाही, आणि तिथल्या बड्या धनिकांनी, माजी मंत्र्यांनी त्यावर विश्वास ठेवला. 2015 मध्ये एका वृत्तपत्राने त्या यंत्राचे वास्तव छापले. 2022 मध्ये कंपनीची संस्थापक एलिझाबेथ होम्स फसवणुकीत दोषी ठरली.

त्याही आधीची गोष्ट क्लोनची. 27 डिसेंबर 2002 रोजी ‘क्लोनेड’ नावाच्या कंपनीने फ्लोरिडात जाहीर केले की, जगातली पहिली क्लोन केलेली मुलगी जन्माला आली आहे. ही कंपनी रेलियन नावाच्या पंथाशी जोडलेली होती. परग्रहावरच्यांनी माणूस घडवला, असे मानणारा हा पंथ. बाळ कुठे आहे, आईबाप कोण, प्रयोगशाळा कोणती, सगळे गुप्त. तटस्थ जनुकीय तपासणी करून देण्याची तयारी एका पत्रकाराने दाखवली होती. त्याला त्या कुटुंबापर्यंत पोहोचूच दिले नाही, तेव्हा काही दिवसांतच त्याने अंग काढून घेतले. आज वीस वर्षे उलटून गेली, पुरावा आलेला नाही. याच्या शेजारी ‘डॉली’ मेंढी ठेवून बघा. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने तिचा जन्म काही महिने झाकून ठेवला होता हे खरे, पण फेब्रुवारी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सगळी कृती छापली. 277 प्रयत्नांतून एकच कोकरू हाती लागले, हेही त्यातच लिहिले. पुढे इतरांनी त्याच वाटेने उंदीर, गाई क्लोन करून दाखवल्या. आपल्या फसलेल्या 276 खटपटी स्वतःहून सांगणाऱ्याचे एक यश खरे मानावेसे वाटते.

गुप्तता हाच गुन्हा, असे आमचे म्हणणे नाही. चीनमध्ये 23 मे 1967 रोजी मलेरियावर औषध शोधण्याचा लष्करी प्रकल्प सुरू झाला, तोही गुप्तच होता, त्याच तारखेवरून त्याला ‘523’ म्हणत. त्यात काम करणाऱ्या तू यूयू यांनी जुन्या वैद्यक ग्रंथांतून एका वनस्पतीचा माग काढला, अर्क काढण्याची रीत बदलली, आणि रोग्यांना देण्याआधी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. पुढे ते संशोधन जगापुढे आले, वनस्पतीचे नाव, रेणूची रचना सगळे उघड झाले, देशोदेशींच्या डॉक्टरांनी ते पडताळले. 2015 मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळाले. मलेरिया सातपुड्याला नवा नाही, आणि त्याच वनस्पतीतून मिळालेल्या आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या आपल्याही आरोग्य केंद्रांतून दिल्या जातात. झाडपाल्याचे ज्ञान आपल्या डोंगरातही मोठे आहे, त्याचा अवमान कुणी करू नये. पण झाडपाल्याचे असो की प्रयोगशाळेचे, झाकण कधीतरी उघडावेच लागते.

हे सांगण्याचे खरे कारण तांदळापेक्षा मोठे आहे. या जिल्ह्यात हजारो घरांत सिकलसेलचा आजार आहे. ज्या घरात मूल रात्रभर हातापायाच्या वेदनांनी कळवळते, त्या घराला ‘पूर्ण बरा करतो, औषधात काय आहे ते विचारू नका’ असे सांगणारा भेटला, तर आई जनावर विकेल, बाप ऊसतोडीची उचल त्याच्या हातावर ठेवील. तांब्याच्या भांड्यात पैसा बुडतो. इथे चालू असलेले औषध बंद होते आणि जीव जातो.

आणि याच आजाराविषयी उघड्या विज्ञानाने काय केले ते प्रत्येकाला डोळ्यांनी बघता येते. तपासणीला बोटातून रक्ताचा थेंब घेतात, तो नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर सिकलचा अंश आहे, पुढची तपासणी करायची. ती पुढची तपासणीच सांगते की, माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण. आशाताई, आई आणि ते पोर, तिघांनाही त्या रेघा सारख्याच दिसतात. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, हे तपासून सिद्ध झाले आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत हा आजार हटवण्याचे ठरवले आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत जनुक-उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा संशोधकांनी जाहीर केले की, पुरेसा काळ पाहता आलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना वर्षभर तीव्र झटका आला नाही. उरलेल्या दोघांची गोष्ट त्यांनी लपवली नाही. त्या उपचाराची किंमत तेव्हा 22 लाख डॉलर होती, आपल्या पाड्यासाठी तो आज असून नसल्यासारखाच, आणि हेही लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. खोट्या आशेची जागा रिकामी ठेवली, की तिथे कुणीतरी येऊन बसतोच.

शहादा तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. त्यानंतर या जिल्ह्यातला माणूस रेशनसाठी बोटाचा ठसा देतो, वनहक्कासाठी पुराव्यांचे बाड घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतो, जातीच्या दाखल्यासाठी आजोबाचा कागद शोधतो. आपण कोण हे त्याने हजारदा सिद्ध केले आहे. दारात आलेल्या ‘शास्त्रज्ञा’ला ओळखपत्र मागण्याचा, संस्थेचा फोन क्रमांक घेऊन तिथे विचारण्याचा आणि तपासणी तिसऱ्याच माणसाकडून करून घेण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे. कोणतीही सरकारी संशोधन संस्था दलालामार्फत घरातली भांडी विकत घेत नाही, आणि चाचणीची फी गावकऱ्याकडून रोखीने तर मुळीच घेत नाही.

पोलिसांकडून आमची एक अपेक्षा आहे. ‘आरपी’त फसलेला माणूस ठाण्याची पायरी चढत नाही, कारण आपणही काहीतरी बेकायदा करत होतो अशी धास्ती त्याच्या मनात त्या टोळीनेच घातलेली असते. ‘गोपनीयतेच्या करारा’वर त्याची सही घेतलेली असते. त्याची तक्रार हसून वाटेला लावू नका, त्याला आरोपीसारखे उलटे प्रश्न विचारू नका. फसवणुकीचे कलम आहे, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले आणि त्यांच्या खुनानंतरच तो झाला. त्याची कलमे पाड्यावरच्या पोलीस पाटलाला पाठ असायला हवीत. आरोग्य विभागाने सिकलसेलच्या प्रत्येक शिबिरात औषधाबरोबरच ‘बरा करतो’ म्हणणाऱ्यांबद्दल चार शब्द भिलीत, पावरीत, मावचीत सांगावेत.

आणि आश्रमशाळांतल्या विज्ञान शिक्षकांनी यंदाच्या प्रदर्शनात एक टेबल याला द्यावे. सामान फारसे लागणार नाही. तांब्याचा तांब्या, एक चुंबक, लोखंडाचा कीस, उकडून वाळवलेला थोडा तांदूळ आणि शेजारच्या वाटीत मुलांनी घरून आणलेला. दोन्ही वाट्या पालकांच्या हातात द्या. पाचवी-सहावीतल्या पोरीला भांडे फिरवू द्या, आणि एका वाटीतला दाणा जागचा का हलत नाही ते तिलाच आपल्या बोलीत सांगू द्या.