क्लीव्हलँड स्पायडर्स, १८९९ : एकशे चौतीस पराभव नेमके कुणाचे?

#थ्रेड #इतिहास #बेसबॉल

१/
१५ एप्रिल १८९९. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात बेसबॉल हंगामातील सलामीचा सामना. एका बाजूला यजमान परफेक्टोज, दुसऱ्या बाजूला क्लीव्हलँड स्पायडर्स. यजमानांचा पिचर होता साय यंग. आदल्या वर्षापर्यंत तो क्लीव्हलँडचाच आधारस्तंभ होता. निकाल लागला १०-१. जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही संघांचे मालक मात्र एकच होते.

२/
त्या हंगामात स्पायडर्स १५४ सामने खेळले. त्यांपैकी २० जिंकले, १३४ हरले. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ सामने हरले, तेव्हाही हा जुना आकडा अबाधित राहिला. ‘बेसबॉलच्या इतिहासातील सर्वांत वाईट संघ’ म्हणून स्पायडर्सची आजही चेष्टा होते. ही चेष्टा चुकीच्या माणसांच्या वाट्याला आली आहे.

३/
मुळात हा संघ दुबळा नव्हता. १८९५ मध्ये त्याने बलाढ्य बाल्टिमोर ओरिओल्सना हरवून टेंपल चषक जिंकला होता. १८९८ मध्ये ८१ विजय मिळवून बारा संघांत पाचवा क्रमांक राखला होता. साय यंग, फलंदाज जेसी बर्केट आणि क्षेत्ररक्षक बॉबी वॉलेस हे तिघेही याच संघाचे. पुढे तिघांनाही ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. यंगचे कारकिर्दीतील ५११ विजय आजही कुणाला गाठता आलेले नाहीत.

४/
संघाचे मालक फ्रँक आणि स्टॅन्ले रॉबिसन हे बंधू. फ्रँक यांचा मूळ धंदा ट्रामचा. १८९१ मध्ये त्यांनी ‘लीग पार्क’ हे मैदान आपल्याच ट्रामच्या मार्गावर उभारले. प्रेक्षक ट्रामने येणार, सामना पाहणार, ट्रामनेच परतणार. तिकिटाचे पैसे दोन्हीकडून एकाच गल्ल्यात. खेळ आणि धंदा यांची गाठ येथे आरंभापासूनच पक्की होती.

५/
पण गल्ला भरेना. कामगारांना सुट्टी फक्त रविवारी, आणि क्लीव्हलँडमध्ये रविवारच्या सामन्यांना बंदी. १८९७ मध्ये रॉबिसन यांनी रविवारी सामना भरवला, तेव्हा पोलिसांनी मैदानात येऊन खेळाडूंना अटक केली. १८९८ मध्ये तर घरचे अनेक सामने परगावी हलवावे लागले. मालकांची तक्रार निराधार नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

६/
१८९९ च्या वसंतात सेंट लुईसचा दिवाळखोर संघ विक्रीस निघाला आणि तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला. शहर मोठे, शिवाय तेथे रविवारचे सामने चालत. एका मालकाने दोन संघ बाळगू नयेत, असा नियम तेव्हा नॅशनल लीगमध्ये नव्हता. ब्रुकलिन आणि बाल्टिमोर हे संघही त्याच वर्षी एका सामाईक मालकीखाली आले होते.

७/
मग यंग, बर्केट, वॉलेस आणि व्यवस्थापक पॅट्सी टेबो यांची सेंट लुईसला रवानगी झाली. सेंट लुईसला जे नकोसे होते, ते क्लीव्हलँडच्या पदरात पडले. खेळाडूंना कुणी विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती, कारण ‘रिझर्व्ह क्लॉज’ या अटीमुळे करार संपला तरी खेळाडूवरचा मालकाचा हक्क संपत नसे. त्यातच वार्षिक वेतनाची कमाल मर्यादा होती २,४०० डॉलर.

८/
उरलेल्या संघाची धुरा लेव्ह क्रॉसकडे आली. त्याच्या हाताखाली ३८ सामन्यांत ८ विजय मिळाले. तो स्वतः उत्तम खेळतो आहे हे दिसताच मालकांनी त्यालाही सेंट लुईसला बोलावून घेतले. ही एक घटनाच पुरेशी बोलकी आहे. एखाद्या संघात कुणी चांगला खेळू लागला की त्याला तेथून काढून घ्यायचे, असे धोरण असेल तर त्या संघाच्या हरण्याला ‘अपयश’ हा शब्द लागू पडत नाही. क्रॉसच्या जागी ऑस्ट्रेलियात जन्मलेला जो क्विन आला. त्याच्या वाट्याला १२ विजय आणि १०४ पराभव आले.

९/
क्लीव्हलँडकरांनी मैदानाकडे पाठ फिरवली. घरच्या ४२ सामन्यांना मिळून प्रेक्षक आले ६,०८८, म्हणजे सामन्यामागे सरासरी १४५. पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतून वाटा मिळत असे. येथे त्या वाट्यात प्रवास आणि हॉटेलचा खर्चही निघेना. पाहुणे संघ येण्यास नकार देऊ लागले आणि स्पायडर्सना दारोदार भटकत खेळावे लागले. परगावच्या ११२ सामन्यांपैकी १०१ ते हरले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘निर्वासित’ आणि ‘भटके’ अशी नावे ठेवली.

१०/
ओळीने २४ सामने हरण्याचा विक्रम याच हंगामातला. शेवटच्या ४१ सामन्यांपैकी ४० पराभवांचे. जिम ह्यूई या पिचरच्या नावावर ४ विजय आणि ३० पराभव जमा झाले. १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत हंगामाचा अखेरचा सामना झाला, त्यात पिचर म्हणून उभा राहिला एडी कोल्ब, हॉटेलातील सिगारच्या गाळ्यावर काम करणारा तरुण. निकाल १९-३.

११/
कोल्बचा किस्सा हशा पिकवण्यासाठी सांगितला जातो. मात्र त्याच किश्श्यात दुसरीही गोष्ट आहे. मालकांनी टाकून दिलेले, घरचे मैदान गमावलेले, उद्या आपला संघ उरेल की नाही हे ठाऊक नसलेले हे खेळाडू एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रोज मैदानात उतरत राहिले. १५४ सामन्यांचा हंगाम त्यांनी पुरा केला. करार पाळला तो त्यांनी.

१२/
मालकांचा बचाव असा : प्रेक्षक येत नव्हते, म्हणून खेळाडू हलवले. पण खेळाडू हलवल्यावर जे रिकामे मैदान दिसले, तेच ‘या शहराला खेळ नको आहे’ याचा पुरावा म्हणून पुढे आले. आधी विहिरीचे झरे बुजवायचे आणि मग गावाला तहानच नाही असे म्हणायचे, यातला हा प्रकार.

१३/
हा काळही ध्यानात घ्यावा. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० मध्ये याच क्लीव्हलँडमध्ये स्थापन झाली. मक्तेदारीला आळा घालणारा शर्मन कायदा १८९० चा. प्रतिस्पर्धी गिळून मोठे व्हायचे, ही त्या युगाची रीत होती. परंतु तेलाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी बुडाला तरी तेल विकता येते. खेळात प्रतिस्पर्धी बुडाला तर विकायला काही उरत नाही, कारण प्रेक्षक येतात ते झुंज पाहायला. झुंजीतला निम्मा वाटा समोरच्याचा असतो.

१४/
या खटाटोपातून साधले काय? ब्रुकलिनने तसाच मार्ग धरून अजिंक्यपद मिळवले, हे खरे. सेंट लुईस मात्र ८४ विजयांसह पाचवे आले. म्हणजे जो क्रमांक क्लीव्हलँडला आदल्या वर्षी आपल्या बळावर मिळाला होता, तोच. एका शहराचा संघ मोडून दुसऱ्या शहरात तेवढाच उभारला गेला.

१५/
हंगामानंतर नॅशनल लीगने बारापैकी चार संघ रद्द केले : क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, लुईव्हिल. बॅन जॉन्सन यांनी ही पोकळी अचूक हेरली. १९०० मध्ये त्यांच्या अमेरिकन लीगचा संघ क्लीव्हलँडमध्ये आला. १९०१ मध्ये बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनही त्या लीगमध्ये होते. त्याच वर्षी साय यंग सेंट लुईस सोडून अमेरिकन लीगच्या बोस्टन संघात गेला. मक्तेदारीनेच आपला प्रतिस्पर्धी जन्माला घातला.

१६/
आणि ‘खेळ नको असलेले’ क्लीव्हलँड? १९२० मध्ये त्याच्या नव्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. विजयाचा शेवटचा सामना झाला तो लीग पार्कच्या जागेवरच. शहर तेच, जागा तीच. बदलला होता तो मालकाचा हेतू.

१७/
एकाच मालकाकडे दोन संघ असण्यास पुढे बंदी आली. खेळाडूंची सुटका मात्र लांबली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले, आणि रिझर्व्ह क्लॉजचे जोखड सैल व्हायला १९७५ साल उजाडावे लागले.

१८/
विक्रमांच्या तक्त्यात पराभवापुढे संघाचे नाव लिहिले जाते, मालकाचे नाही. आकडे खोटे बोलत नाहीत. पण कुणाबद्दल बोलायचे, हे तक्ता आखणारा ठरवतो. २०-१३४ हा आकडा ह्यूई, क्विन आणि कोल्ब यांच्या खेळाचा हिशेब म्हणून वाचणे अन्यायाचे आहे. तो रॉबिसन बंधूंच्या खतावणीतला आकडा आहे, आणि तेथेच तो वाचला पाहिजे.

#थ्रेड_समाप्त