यूटीसी पुरेसे नाही

वेळ यूटीसीत साठवावी आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदलावी, हा नियम सॉफ्टवेअर क्षेत्रात जणू सिद्धान्त म्हणून सांगितला जातो. घडून गेलेल्या गोष्टींपुरता तो बरोबरच आहे. पैसे कधी जमा झाले, सर्व्हर कधी बंद पडला, हे क्षण कायमचे ठरलेले असतात. घोटाळा होतो तो हाच नियम पुढच्या वेळांना सरसकट लावल्यामुळे.

मेक्सिको सिटीची घड्याळे उन्हाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असत, हिवाळ्यात सहा तास. २०२२च्या उन्हाळ्यात कोणी पुढच्या जूनमधली सकाळी दहाची भेट नोंदवली, तर तेव्हाच्या नियमाने ती यूटीसी १५:०० म्हणून साठली. ऑक्टोबर २०२२मध्ये नव्या कायद्याने देशाच्या बहुतेक भागातली उन्हाळी वेळ रद्द झाली. माणसांच्या लेखी भेट दहाचीच राहिली. कॅलेंडर मात्र नऊ दाखवू लागले. गणित अचूक होते, पण जे ठरले होते तेच साठवलेले नव्हते.

असे बदल क्वचितच होतात, हा आक्षेप टिकत नाही. तुर्कस्तानने २०१६मध्ये उन्हाळी वेळ बारमाही केली, ब्राझीलने २०१९मध्ये ती सोडली, इजिप्तने २०२३मध्ये ती पुन्हा आणली.

वेळेसोबत ‘उणे पाच तास’ एवढा फरक नोंदवला की भागते, असेही म्हटले जाते. पण तो फरक त्या क्षणापुरता असतो, गावाचा नसतो. न्यू यॉर्कची सकाळी नऊची बैठक पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून साडेसहाला. भारताचे साडेपाच तासही सदासर्वकाळचे नाहीत. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात इथली घड्याळे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. १९४४च्या जन्मवेळेतून सरसकट साडेपाच तास वजा करणारी पत्रिका तासाभराने चुकते.

म्हणून पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी साठवाव्यात: ठरलेली स्थानिक वेळ आणि ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’सारखे क्षेत्राचे नाव. यूटीसी त्यांवरून काढावी आणि नियम बदलले की पुन्हा काढावी. हे नियम आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या टाइम झोन डेटाबेसमध्ये मिळतात. तो अद्ययावत ठेवणे हा देखभालीचाच भाग आहे; सहा वर्षे जुनी प्रत असलेला सर्व्हर आजही मेक्सिकोत उन्हाळी वेळ धरतो.

एवढे करूनही एक निर्णय प्रोग्रॅमरकडेच उरतो. न्यू यॉर्कमध्ये ८ मार्च २०२६ रोजी पहाटेचे अडीच वाजतच नाहीत. १ नोव्हेंबर २०२६ रोजी मध्यरात्रीनंतरचा दीड दोनदा वाजतो: एकदा भारतातल्या सकाळच्या अकराला, पुन्हा दुपारी बाराला. त्यातला कोणता धरायचा, हे लायब्ररीच्या मर्जीवर न सोडता प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहिले पाहिजे. त्या रात्री पाळीवर असलेल्या कामगाराचा एक तासाचा पगार त्यावर अवलंबून असतो.