आभाळातले दोन साक्षीदार

वाचकहो, पाण्याने भरलेला काचेचा पेला वर्तमानपत्रावर ठेवून वरून पाहा. खालची अक्षरे फुगतात, वाकतात. अक्षरांनी जागा सोडलेली नसते. वाकतो तो प्रकाश. आभाळातही असेच घडते. तिथे पाण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते.

विश्वाच्या जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आजही आपल्याकडे येतो आहे. १९६४ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर येई, काही केल्या जाईना. अँटेनात कबुतरांनी घर केले होते. दोघांनी ती घाणही साफ केली. (पुढे १९७८ साली नोबेल मिळवणाऱ्यांनाही ते काम चुकले नाही!) खरखर राहिलीच. तोच हा सर्वांत जुना प्रकाश, आता सूक्ष्मलहरी झालेला.

त्याच्या वाटेत दीर्घिकांचे थवे लागतात आणि त्यांच्याभोवती न दिसणारे द्रव्य, साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट. त्याच्या ओढीने प्रकाश वाकतो. पण किती? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम बारावा हिस्सा. एवढीशी खूण उपकरणाच्या खरखरीत हरवून जाते.

तेव्हा दुसरा साक्षीदार शोधला गेला. २००७ साली स्मिथ, झान आणि डोरे यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशावरून वजन कुठे जास्त असावे ते काढले. तो नकाशा त्यांनी न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या दूरच्या दीर्घिकांशी ताडून पाहिला. वजन जिथे, दीर्घिकांची गर्दीही तिथे! एक यंत्र अंतराळात, दुसरे जमिनीवर. एकाची चूक दुसऱ्यात उतरण्याचे कारण नाही. कधी न भेटलेल्या दोघांची जबानी जुळली, तर ती सहजी उडवून लावता येत नाही.

आणखी एक फायदा झाला. जुना प्रकाश वाटेतल्या साऱ्या वजनाची एकच बेरीज सांगतो. कोणते वजन किती दूर, हे त्याला सांगता येत नाही. तो पत्ता दीर्घिका देतात. म्हणून द्रव्याच्या गुठळ्या कोणत्या काळात किती वाढल्या, ते कळते. इथेच वाद होता. काही सर्वेक्षणांना गुठळ्या अपेक्षेपेक्षा कमी आढळल्या होत्या. तसे असेल तर विश्वाचे गणितच पुन्हा मांडावे लागेल. २०२३ साली चिलीतील अटाकामा दुर्बिणीचा नकाशा वाइज उपग्रहाच्या दीर्घिकांशी जुळवला गेला. सुमारे ६०० ते ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळात तरी गुठळ्या गणिताप्रमाणेच भरल्या. कमतरता असलीच, तर ती त्यानंतरच्या काळात शोधावी लागेल.