बुडखा काढण्याचे यंत्र घेताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. झाड पडले की खोड उचलायला गिऱ्हाईक असते. बुडख्याकडे मात्र कोणी पाहत नाही. कुजत चाललेल्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढे हाच भुंगा शेजारच्या उभ्या माडांचे शेंडे पोखरतो. म्हणजे हे काम गरजेचे आहे. झाडतोडीचा ठेका घेणाऱ्या आमच्या बंधूंनी ते दुसऱ्यांसाठी सोडून देऊ नये, असे आम्हांस वाटते.

मोकळ्या जागेत जेसीबी लावून बुडखा उपटणे सोपे. माडाला सोटमूळ नसते, त्यामुळे तो लवकर उपटतो. पण भिंतीलगत, पाण्याच्या नळाशेजारी किंवा अरुंद बोळात जेसीबी जात नाही, आणि गेलाच तर नुकसान भरून द्यावे लागते. तेथे स्टम्प ग्राइंडर उपयोगी पडतो. फिरत्या चक्रावर बसवलेले दात बुडखा थोडाथोडा खरवडून त्याचा भुसा करतात. १३ ते १५ हॉर्सपॉवरचे हाताने ढकलायचे पेट्रोल यंत्र जमिनीखाली साधारण एक फुटापर्यंत जाते आणि फळी लावून टेम्पोत चढवता येते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी त्याच्या पीटीओवर चालणारे यंत्र पाहावे. वेगळ्या इंजिनाचा खर्च वाचतो.

खरेदीच्या वेळी आमचे लोक पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न दातांचा असावा. दाताच्या टोकाला कार्बाइड असते. लाकडात ते बराच काळ टिकते, पण कोकणच्या जमिनीत जांभा आहे आणि शहरातल्या बुडख्याभोवती विटा, खडी, कधी सळईसुद्धा. एका दगडावर धार गेली की १५ हॉर्सपॉवरचे इंजिन नुसते धूर काढते. दात बोल्टने बसतात का, फिरवून दुसरी धार वापरता येते का, सुटे दात मुंबई-पुण्यात मिळतात का, हे आधी विचारावे. परदेशातून दात येईपर्यंत यंत्र ताडपत्रीखाली पडून राहिले, तर गुंतलेल्या भांडवलाचे काय?

येथे आमच्या लेथवाल्या कारागिरांना संधी आहे. लेथच्या हत्याराला कार्बाइडचा तुकडा ब्रेझिंगने जोडणे त्यांना नवे नाही. कार्बाइडला धार लावायला नेहमीचे करडे चाक चालत नाही, हिरवे किंवा डायमंडचे लागते, हेही ते जाणतात. वखारवाला आणि लेथवाला यांनी भागीदारीत यंत्र घेतले तर ते बंद पडून राहण्याची भीती निम्मी होईल.

माडाचे तंतू काथ्यासारखे असतात आणि चक्राच्या दांड्याला गुंडाळतात. म्हणून झाकण पटकन उघडून सफाई करता येते का ते पाहावे. अर्थात इंजिन बंद करून आणि प्लगची वायर काढूनच. दगड गोळीसारखा उडतो. पुढची रबरी झालर आणि चष्मा यांत काटकसर नको.

दराबाबत एक गोष्ट. वखारीत घनफुटाचा हिशेब तोंडपाठ असणारे लोक बुडख्याचा भाव मात्र नजरेने सांगतात आणि मार खातात. जमिनीलगतचा व्यास मोजावा, इंचावर भाव सांगावा आणि दातांची झीज त्यात धरावी. दगड निघाल्यास जादा आकार, हेही आधीच बोलून ठेवावे.

पालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडीला परवानगी लागते. बुडखा खरवडला की झाडाचा पुरावा संपतो. तेव्हा मालकाचा परवाना पाहून, फोटो काढूनच यंत्र सुरू करावे.

यंत्र दुकानाच्या दारात चालवून पाहण्यात अर्थ नाही. ते आपल्या गावच्या मातीत, आपण दाखवलेल्या बुडख्यावर चालवून दाखवायला सांगावे. विक्रेता तयार नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.