‘कॉईल गेली’ म्हणणाऱ्याला विचारा, ठिणगी पाहिली का?



कपाशी लाल पडली की कृषी केंद्रवाला फळीवरची बाटली काढतो. लाली तुडतुड्यांची आहे, मॅग्नेशियमच्या कमतरतेची आहे की पाण्याच्या ताणाची, हे पाहायला तो धुऱ्यावर येत नाही. निदान होत नाही, बिल मात्र होते. हीच रीत आता आमच्या यंत्रांच्या दुरुस्तीतही शिरली आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या दोघा भावांची लाकूड कापायची चेन सॉ बंद पडली. स्वतःच्या धुऱ्यावरची वेडी बाभूळ काढायची, शेजाऱ्यांचीही कापून द्यायची आणि त्यातून बियाण्याचा पैसा उभा करायचा, असा त्यांचा हिशोब. दोरी ओढून खांदे भरून आले, इंजिन फुरफुरलेसुद्धा नाही. तालुक्याच्या दुकानदाराने झाकण न उघडताच निकाल दिला, “कॉईल गेली.” आठ दिवसांनी नवी कॉईल आली, चार आकडी बिल झाले, आणि मशीन मुकी ती मुकीच. हंगाम तोंडावर आला आणि धुरा तसाच राहिला.

मग ती माझ्याकडे आणली. मी शेतकी पदवीधर. कॉलेजात अश्वशक्तीची सूत्रे पाठ केली, प्लग मात्र कोणी हातात दिला नाही. तो मला माझ्या जुन्या मोटारसायकलने शिकवला. दोष निघाला बंद करायच्या बटनाच्या वायरीत. तिचे आवरण घासून आतली तार इंजिनला टेकत होती. वीतभर वायर बदलली, मशीन सुरू झाली. जुनी कॉईल शाबूत होती की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. ती दुकानदाराने ठेवून घेतली होती.

यात जादू काही नाही. दोरी ओढली की चाकातले लोहचुंबक कॉईलजवळून फिरते, वीज तयार होते, जाड वायरीने प्लगला जाते आणि तिथे ठिणगी पडते. बटन बंद केले की तीच वीज इंजिनच्या धातूत जिरते. वायर घासली म्हणजे बटन कायमचेच बंद. पाठीवरच्या पेट्रोलच्या फवारणी पंपातही बहुधा हीच रचना असते. म्हणून पुढचा क्रम कापून ठेवा.

१) साखळीचा ब्रेक लावा, प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, संशय ठिणगीवर. कोरडा असेल तर आधी टाकी, गाळणी, कार्बोरेटर पाहा.

२) प्लग पुसा. फट पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बहुतेक चेन सॉमध्ये ती ०.५ मि.मी. असते. सांडलेले पेट्रोल पुसा. प्लग टोपीत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा, पण छिद्रापासून दूर. उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीची पक्कड वापरा. बटन चालूवर ठेवून सावलीत दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली तर कॉईल जिवंत आहे. नसेल तर नवा प्लग लावून पाहा.

३) तरीही नसेल तर बटनाची वायर कॉईलपासून सोडा. ठिणगी आली की चोर सापडला. पण तशीच चालवू नका. मशीन बटनाने बंद होणार नाही.

४) टोपीतली स्प्रिंग आणि जाड वायर तपासा. चुंबकावरचा गंज काढा. चाक आणि कॉईल यांतले अंतर सुमारे ०.३ मि.मी., म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढे ठेवा.

५) थंड असताना चालते, तापल्यावर बंद पडते, निवल्यावर पुन्हा चालते? मग तापलेली असतानाच ठिणगी पाहा. तेव्हा नसेल आणि निवल्यावर येत असेल, तर कॉईलवर आरोप ठेवा.

कॉईल कधीच जात नाही, असे मी म्हणत नाही. जाते. पण चौकशी आधी आणि शिक्षा नंतर, एवढा न्याय चोरालाही मिळतो.

दुकानदार एकटा दोषी नाही. मशीन विकणाऱ्याला सुटे भाग आणि मराठी पुस्तिका देण्याची सक्ती कोणी केली? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेती अवजारे त्यात घेतली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळ उघडले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला. शेती अवजारांचे सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहिती शेतकऱ्याला देणे तिथे १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक आहे. तिकडे कायदा, इकडे संकेतस्थळ! संकेतस्थळाने ठिणगी पडत नाही.

आमची मागणी तीन ओळींची आहे. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात द्या. सुट्या भागांचे चित्र आणि दुरुस्तीची मराठी पुस्तिका मशीनबरोबरच द्या. प्लग, वायर, कॉईल तालुक्याच्या गावी ठेवा.

आणि मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक बंद पडलेली चेन सॉ किंवा फवारणी पंप आणावा, सोबत प्लगचा पाना. भाषणे नंतर होतील. आधी ठिणगी पाहू.