आगाडी लावली, पिछाडीचे काय?

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातिवंत घोड्याचा मालक जनावर एका दोरावर कधी सोडत नाही. पुढे आगाडी, मागे पिछाडी. घोडा कितीही शांत असला तरी दोन्ही बांधतो. त्याच नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठ सोडून सातपुड्याकडे चढू लागले, की उतारावर उभी असलेली जुनी जीप, फियाट किंवा मारुती ८०० मात्र अनेकदा एकाच दोरावर दिसते. गिअरमध्ये टाकली, दार लावले, मालक चहाला गेला.

यामागे एक जुनी सवय आहे. बॅटरी उतरलेली, सेल्फ कुरकुरतो. म्हणून गाडी मुद्दाम उताराकडे तोंड करून लावायची, सकाळी सोडून द्यायची आणि वेग आला की दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा. ही सवय गरजेतून आली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण रात्रभर ती गाडी कशाच्या भरवशावर उभी असते? गिअर म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा आधार. रिंगा झिजलेल्या इंजिनात ते कॉम्प्रेशन गळते आणि गाडी झटक्या-झटक्याने सरकू शकते. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितका गिअरचा भरवसा कमी आणि हँडब्रेकची गरज जास्त.

जुन्या जीपची गोष्ट आणखी वेगळी. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीस जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर एक ड्रम असतो, तो हा ब्रेक धरतो. तिथले ऑइल सील गळू लागले की तेल थेट लायनरवर येते आणि लिव्हर घट्ट ओढूनही गाडी धरत नाही. याहून मोठा धोका पंक्चर काढताना. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे ते हवेतले चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलटे. शाफ्ट जागचा हलत नाही, गाडी मात्र जॅकवरून घसरते. अशा वेळी गिअरही उपयोगी पडत नाही. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय घाटात जॅकला हात लावू नये.

मारुतीत हँडब्रेक केबलने मागच्या चाकांचे शू ड्रमवर दाबतो. लिव्हर फार वर येऊ लागला की मालक सांगतो, ‘वायर जरा खेचून द्या.’ ही अर्धवट दुरुस्ती आहे. आधी ड्रम उघडून लायनर पाहायचे, शू जुळवायचे आणि मगच केबलचा ताण बघायचा. नुसती केबल खेचली तर झिजलेले लायनर झाकले जातात. ‘जॅम होईल’ या भीतीने कित्येकजण हँडब्रेक ओढतच नाहीत. प्रत्यक्षात न वापरलेली केबलच पावसाळ्यात गंजून आवरणात अडकते. गाडी महिनाभर शेडमध्ये राहणार असेल तर मात्र हँडब्रेक सोडून ठेवावा, कारण लायनर ड्रमला चिकटतात. तेव्हा ठोकळे लावावेत.

गाडी लावण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक दाबून ठेवायचा, न्यूट्रल करायचे, हँडब्रेक ओढायचा. मग पाय हळूच उचलून भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा आणि तो धरतो हे पाहूनच गिअर टाकायचा. तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. घाटात स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावे; गाडी पुढे घसरो वा मागे, ती दरीकडे न जाता डोंगराला अडते. सॅन फ्रान्सिस्कोत तीन टक्क्यांहून जास्त उतारावर चाके वळवून लावणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा. रस्त्यात राहिलेला दगड अंधारात मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकतो.

आपल्याकडेही कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालक सीटवर नसताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप सुटणार नाही अशी तजवीज हवी. परवान्याच्या चाचणीच्या नियमांतही तीव्र चढावर थांबून, गाडी मागे न जाऊ देता पुन्हा निघण्याचे कौशल्य आहे. सपाट मैदानावर आठचा आकडा काढून ते पारखता येत नाही. डोंगराळ जिल्ह्यात तरी ही चाचणी खऱ्या चढावरच व्हायला हवी.

महाशिवरात्रीला सातपुड्यातल्या हजार मीटरहून उंच तोरणमाळला यात्रेसाठी गाड्या चढतात. परिवहन विभागाने त्याआधी वाटेवरच्या शहाद्यात हँडब्रेक तपासणीचे शिबिर घ्यावे. आणि जुनी गाडी हौसेने जपणाऱ्या प्रत्येक मालकाने वर निघण्यापूर्वी एकदा मागचे ड्रम उघडून घ्यावेत, जीप असेल तर ट्रान्स्फर केसमागचा ड्रमही.